शब्द एक, अर्थ अनेक : 'महागाई'पासून 'कर्जमाफी'पर्यंतचे शब्द वर्गात कसे शिकवावेत?



मागच्या वर्षी नववीच्या वर्गात मी एक वादविवाद घेतला होता. विषय होता, 'शेतकऱ्यांना कर्जमाफी द्यावी की नाही?' मुलांनी तयारी चांगली केली होती. एका मुलीने मुद्दा मांडला, "कर्ज घेतलं तर ते फेडायलाच हवं. एकदा माफी दिली की लोकांना सवय लागते." तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी तो फारसा बोलत नाही. घरी चार एकर कोरडवाहू जमीन. तो म्हणाला, "सर, माफी गुन्हा करणाऱ्याला देतात ना? मग माझ्या बाबांनी काय गुन्हा केलाय?"

वर्ग एकदम गप्प झाला. आणि मी काय केलं? "अरे, शब्दावर नको जाऊस, अर्थ कळला ना?" असं म्हणून पुढच्या वक्त्याला बोलावलं. तो मुलगा खाली बसला आणि तास संपेपर्यंत काही बोलला नाही.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या तासातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता आणि मी तो उडवून लावला होता. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय.

आपण नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र शिकवताना व्याख्या सांगतो, फळ्यावर लिहितो, मुलं त्या पाठ करतात. पण तेच मूल संध्याकाळी घरी बातम्या ऐकतं, पारावरच्या गप्पा ऐकतं, मोबाइलवर आलेले संदेश वाचतं. तिथे तोच शब्द वेगळ्याच अर्थाने आलेला असतो. मग मुलाला वाटतं, की एकतर पुस्तक खोटं बोलतंय किंवा बातम्या. बहुतेक वेळा दोघंही खोटं बोलत नसतात. ते एकच शब्द वापरून दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात.

हा गोंधळ मला तीन प्रकारचा दिसतो. एकेक प्रकार उदाहरणांसह पाहूया.

१. बोलण्यातला अर्थ वेगळा, मोजणाऱ्याचा अर्थ वेगळा

'महागाई कमी झाली' अशी बातमी येते आणि घरात आई म्हणते, "कुठे कमी झाली? तेल तर वाढलंय!" मुलाला प्रश्न पडतो, खरं कोण बोलतंय?

फळ्यावर एवढंच गणित मांडा. किराणा मालाची एक पिशवी पहिल्या वर्षी १०० रुपयांना मिळत होती. दुसऱ्या वर्षी ती ११० रुपयांना झाली, म्हणजे महागाईचा दर १० टक्के. तिसऱ्या वर्षी तीच पिशवी ११४ रुपये ४० पैशांना झाली, म्हणजे दर ४ टक्के. आता मुलांना विचारा, महागाई कमी झाली का? दर १० वरून ४ वर आला, म्हणून बातमी बरोबर. पण पिशवी १०० ची ११४ रुपये ४० पैसे झाली, म्हणून आईही बरोबर. बातमीतली 'महागाई' म्हणजे किमती वाढण्याचा वेग. आईची 'महागाई' म्हणजे हातातून जाणारे पैसे. एसटीचा वेग कमी झाला म्हणून ती मागे जायला लागत नाही, ती पुढेच जात असते. हे उदाहरण दिलं की पाचवीचं मूलसुद्धा समजतं.

पुढची पायरी. सरकार महागाई मोजतं ती एका सरासरी कुटुंबाच्या खर्चावरून. २०१२ हे आधारवर्ष धरून काढलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा सुमारे ४६ टक्के धरलेला होता. पण ज्या घरात निम्म्याहून जास्त मिळकत खाण्यावरच जाते, त्या घराला डाळ-तेल महागल्याचा चटका सरासरीपेक्षा जास्त बसतो. ज्या घरात शाळेची फी आणि गाडीचा हप्ता मोठा आहे, त्यांचं चित्र वेगळं. रिझर्व्ह बँकेसमोर ४ टक्के महागाईचं लक्ष्य आहे, २ ते ६ च्या दरम्यान मुभा आहे. तो आकडा संपूर्ण देशाचा असतो, आपल्या स्वयंपाकघराचा नसतो.

दुसरा शब्द 'बेरोजगार'. बोलण्यात ज्याला नोकरी नाही तो बेरोजगार. मोजणाऱ्यासाठी मात्र काम नसणं पुरेसं नाही, काम शोधत असणं किंवा करायला तयार असणंही आवश्यक. एक गाव घ्या. १०० प्रौढ माणसं. ५० जण काम करतात, १० जण काम शोधतात, ४० जण दोन्ही करत नाहीत. बेरोजगारीचा दर काढताना ते ४० बाजूला ठेवतात. ६० पैकी १०, म्हणजे साधारण १७ टक्के. आता काम शोधणाऱ्यांपैकी पाच जण कंटाळले आणि शोधणंच सोडून दिलं. उरले ५५ पैकी ५, म्हणजे ९ टक्के. गावात एकालाही नवं काम मिळालं नाही, पण बेरोजगारी जवळजवळ निम्मी झाली! आकडा खोटा नाही. पण तो एकटा पुरेसा नाही.

त्यात 'काम' कशाला म्हणायचं हाही प्रश्न आहेच. देशाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात साप्ताहिक पद्धतीने मोजताना मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं असलं तरी तो माणूस 'कामावर' धरला जातो. वर्षभराची स्थिती पाहायची पद्धत वेगळी. म्हणून २०१७-१८ सालासाठी एका पद्धतीने बेरोजगारी ६.१ टक्के आली आणि दुसरीने नऊच्या आसपास. टीव्हीवर एक पाहुणा सहा म्हणतो, दुसरा नऊ म्हणतो, आणि दोघं एकमेकांना खोटारडे ठरवतात.

इथे वर्गात एक प्रयोग जरूर करा. मुलांना विचारा, "आई काय करते?" अर्धा वर्ग सांगेल, "काही नाही, घरीच असते." मग म्हणा, ती सकाळी उठल्यापासून काय काय करते ते लिहून आणा. माझ्या वर्गातल्या यादीत स्वयंपाक, पाणी, धुणीभांडी तर होतीच, पण म्हशीची धार, खुरपणी, कापूस वेचणी हेही होतं. नियम असा आहे, की घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबणारी बाईसुद्धा 'काम करणारी' म्हणून मोजली जाते. फक्त घरकाम करणारी मात्र श्रमशक्तीच्या बाहेर धरतात. पण दारात आलेल्या माणसाला घरातल्या कोणी "ती घरीच असते" असं सांगून टाकलं, तर तिची खुरपणी आणि वेचणी कागदावरून गायब. एका शब्दाने किती फरक पडतो ते मुलांना इथे दिसतं.

२. शब्द एकच, पण गोष्टी दोन-तीन

'राज्य' हा शब्द घ्या. महाराष्ट्र हे राज्य. शिवरायांनी राज्य स्थापन केलं. आणि राज्यशास्त्रात 'राज्य' म्हणजे लोक, भूभाग, शासन आणि सार्वभौमत्व असलेली संस्था, म्हणजे भारत. त्यावर संविधानाच्या बाराव्या अनुच्छेदात, मूलभूत हक्कांच्या संदर्भात, 'राज्य' या शब्दात केंद्र सरकार, संसद, घटक राज्यांची सरकारं, विधिमंडळं आणि स्थानिक संस्थासुद्धा येतात. म्हणजे आपली जिल्हा परिषदही 'राज्य'! एका मुलाने परीक्षेत 'भारत हे राज्य नाही, देश आहे' असं लिहिलं आणि त्याचे गुण गेले. चूक त्याची एकट्याची म्हणायची का?

'शासन' तर आणखी मजेशीर. शासन निर्णय म्हणजे सरकारचा निर्णय, आणि चुकीला शासन म्हणजे शिक्षा. मुलं हसतात, पण हसत हसत शिकतात. इथे एक फरक मात्र स्पष्ट करायलाच हवा. सरकार म्हणजे ठरावीक काळासाठी निवडून आलेली माणसं. राज्य म्हणजे कायम राहणारी व्यवस्था. देश म्हणजे ही भूमी आणि आपण सगळे. सरकार बदलतं, राज्य चालू राहतं. हे नीट समजलं की 'सरकारवर टीका म्हणजे देशावर टीका' हे वाक्य, सत्तेवर कुठलाही पक्ष असो, कुठे चुकतंय ते मुलाला स्वतःलाच कळतं.

याच प्रकारातला शब्द म्हणजे 'उदार'. इतिहासात आपण न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांना 'उदारमतवादी' म्हणतो. अर्थशास्त्रात १९९१ नंतरच्या धोरणाला 'उदारीकरण' म्हणतो. मुलांना सहज वाटतं, की रानडे आज असते तर उदारीकरणवाले असते. प्रत्यक्षात रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात सांगितलं, की इंग्लंडमधल्या अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे भारताला लागू होत नाहीत आणि इथल्या उद्योगांच्या वाढीसाठी सरकारने पुढाकार घ्यायला हवा. १९९१ च्या जुलैमध्ये दिशा उलटी होती, उद्योगांवरचे सरकारी परवाने आणि बंधनं कमी करायची. दोन्हीकडे 'उदार' आहे. पहिल्यात तो मनाचा आणि विचारांचा, दुसऱ्यात बाजारावरच्या बंधनांचा. शब्दाचं मूळ सारखं दिसलं म्हणून विचार सारखा असं गृहीत धरू नये.

३. ज्यांच्या अर्थावरच वाद आहे असे शब्द

पहिल्या दोन प्रकारांत गोंधळ समजावून सोडवता येतो. तिसऱ्यात तसं होत नाही, कारण तिथे अर्थ ठरवणं हेच भांडण असतं.

'गरीब' कोण? २०११-१२ सालासाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने दरडोई दरमहा खर्चाची रेषा ग्रामीण भागात ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये होती. त्यानुसार देशातले २१.९ टक्के, म्हणजे सुमारे २७ कोटी लोक गरीब. त्याच वर्षासाठी रंगराजन समितीने रेषा ९७२ आणि १,४०७ रुपये धरली. गरीब झाले २९.५ टक्के, म्हणजे सुमारे ३६ कोटी. वर्ष तेच आणि देश तोच, पण समितीची रेषा बदलली की नऊ कोटी माणसं रेषेच्या अलीकडची पलीकडे जातात. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबीचा निर्देशांक तर खर्च पाहतच नाही. पोषण, शाळा, संडास, वीज, घर अशा गोष्टी तपासतो. त्याप्रमाणे २०१९-२१ मध्ये प्रमाण १४.९६ टक्के होतं. आणि आपल्या गावात 'गरीब' म्हणजे पिवळं रेशनकार्ड! मुलांना विचारा, यातलं खरं कोणतं? उत्तर असं, की माणसाला नेमकं काय मिळालं म्हणजे तो गरीब राहिला नाही, याबद्दल प्रत्येकाचं म्हणणं वेगळं आहे. तो हिशेबाचा प्रश्न कमी आणि न्यायाचा जास्त.

'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द आपण रोज उद्देशिकेत म्हणतो. ते १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. पण चर्चा त्याच्या कितीतरी आधीची. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत के. टी. शहा यांनी असे शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. समतेकडे नेणारी तत्त्वं मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आहेत, हेही त्यांनी दाखवून दिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे शब्द काढण्याची मागणी फेटाळली. तेव्हा भारतातला 'समाजवाद' म्हणजे कल्याणकारी राज्य आणि संधीची समानता, खासगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही, असं स्पष्ट केलं. म्हणजे सोव्हिएत रशियाचा समाजवाद वेगळा आणि आपल्या उद्देशिकेतला वेगळा. 'भारत समाजवादी आहे, मग कारखाने खासगी कसे?' असं मुलाने विचारलं तर हे उत्तर उपयोगी पडेल.

'धर्मनिरपेक्ष' या शब्दाची तर भाषेपासूनच सुरुवात होते. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत 'धर्मनिरपेक्ष' आहे, हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. आपल्याकडे शेजारधर्म, राजधर्म म्हणताना 'धर्म' म्हणजे कर्तव्य. मग धर्मनिरपेक्ष म्हणजे कर्तव्य सोडलेला का, असं कुणी विचारतं. कुणी 'निधर्मी' म्हणतं, कुणी 'सर्वधर्मसमभाव', कुणी 'इहवादी'. हे समानार्थी शब्द नाहीत. राज्याने सगळ्या धर्मांपासून दूर राहावं, की सगळ्यांना सारखं जवळ करावं, की ऐहिक कारभारात धर्म आणूच नये, ही तीन वेगळी मतं आहेत. वर्गात तिन्ही मांडावीत आणि संविधान प्रत्यक्षात काय सांगतं तेही वाचून दाखवावं. प्रत्येकाला उपासनेचं स्वातंत्र्य आहे आणि राज्य धर्मावरून कुणात भेदभाव करणार नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे

कर्जाच्या बाबतीत तीन शब्द फिरतात : कर्जमाफी, कर्जमुक्ती आणि निर्लेखन.

शेतकऱ्याचं कर्ज 'माफ' होतं तेव्हा सरकार त्याच्या वतीने बँकेला पैसे देतं आणि त्याचं देणं संपतं. यालाच शेतकरी चळवळीने 'माफी' म्हणायला नकार दिला. त्यांचा युक्तिवाद असा, की निर्यातबंदीसारख्या धोरणांनी शेतमालाचे भाव पाडले जातात, त्यातून कर्ज थकतं, म्हणून ही माफी नाही, मुक्ती आहे. दुसरी बाजूही खरी आहे. नियमित फेडणाऱ्याला आपण फसलो असं वाटतं, बँकांची वसुली बिघडते, आणि ज्याने सावकाराकडून घेतलंय त्याला काहीच मिळत नाही. सरकारी योजनांची नावं पाहा. २००८ च्या केंद्राच्या योजनेत 'कर्जमाफी', राज्याच्या २०१७ च्या योजनेत 'सन्मान', २०१९ च्या योजनेत 'कर्जमुक्ती'. नाव ठेवणाऱ्यांनाही शब्दाचं वजन माहीत असतं.

'निर्लेखन' म्हणजे बँकेने थकलेलं कर्ज, नफ्यातून तरतूद करून, आपल्या ताळेबंदातून काढून टाकणं. कर्जदाराचं देणं कायद्याने तसंच राहतं आणि वसुली चालू राहते. त्यामुळे 'उद्योगपतींची एवढी कर्जं माफ केली' असं वाक्य वाचलं तर आधी विचारावं, माफ की निर्लेखित? पण एवढ्यावर थांबू नये. अशा कर्जांतली वसुली बरेचदा थोडीच होते, म्हणून टीकाकार विचारतात, की फरक कागदावरचाच राहिला ना? हा प्रश्नही रास्त आहे. नेमका शब्द वापरला की वाद मिटत नाही, पण निदान दोघं एकाच गोष्टीवर भांडतात.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

कुठलाही असा शब्द आला की मुलांना चार प्रश्न विचारायची सवय लावा :

१) हा शब्द कोण वापरतंय आणि कुणाबद्दल?
२) यात काय मोजलंय आणि काय वगळलंय?
३) कशाच्या तुलनेत? मागच्या वर्षीच्या, की दुसऱ्या राज्याच्या?
४) हा शब्द काढून तीच गोष्ट साध्या वाक्यात सांगता येते का?

चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. एकच बातमी दोन वर्तमानपत्रांतून आणायला सांगा आणि शब्द कुठे बदलले ते अधोरेखित करू द्या. घरच्या दहा वस्तूंचे भाव दर महिन्याला वहीत लिहू द्या, सहा महिन्यांनी मुलं आपल्या घराची महागाई स्वतः काढतील.

दोन गोष्टी सांभाळा. अर्थ अनेक आहेत म्हणजे काहीही चालतं असं नाही. परीक्षेत पाठ्यपुस्तकातली व्याख्याच लिहायची, हे मुलांना आधी सांगा. आणि वादाच्या शब्दांवर बोलताना दोन्ही बाजू अशा मांडा, की त्या त्या बाजूच्या पालकाने ऐकलं तरी त्याला वाटावं, माझं म्हणणं सरांनी बरोबर सांगितलं. पालकांनाही विनंती. मुलाने घरी येऊन प्रश्न विचारला तर "तुझे सर कोणत्या पक्षाचे?" असं विचारण्याआधी तो शब्द त्याला कसा समजलाय ते ऐकून घ्या.

पुढच्या आठवड्यात मी तोच विषय पुन्हा घेतला. आधी त्या मुलाला वर्गासमोर सांगितलं, की त्या दिवशी तुझा प्रश्न मी टाळला, ती माझी चूक होती. मग एका गटाला 'कर्जमाफी' आणि दुसऱ्याला 'कर्जमुक्ती' हा शब्द वापरून बोलायला लावलं, नंतर अदलाबदल केली. शेवटी दोन्ही गटांना मान्य होईल असा शब्द शोधा म्हटलं. बराच वेळ घासाघीस झाली आणि फळ्यावर आलं, 'शेतकऱ्याचं थकलेलं पीककर्ज सरकारने भरणे'.

ती मुलगी अजूनही विरोधातच होती आणि तिने तिचे मुद्दे पुन्हा तितक्याच ठामपणे मांडले. तो मुलगा फळ्याकडे पाहून म्हणाला, "सर, हे लांबलचक आहे. पण यात बाबांना कोणी काही म्हणत नाही." मग तो तिला उत्तर द्यायला उभा राहिला.